बिनपगारी मास्तरांचा दिवाण

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दिवाण आहे. राजाच्या दरबारातला नव्हे, दोन खोल्यांच्या घरातल्या बाहेरच्या खोलीतला. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, म्हणून तर बोलतो आहे.

खुलताबादच्या रामकिसन सुताराने मला चौऱ्याऐंशी साली घडवलं. वर बसायला फळ्या, खाली सामान ठेवायला पेटी. जिल्हा परिषदेतले कारकून व्यंकटराव यांनी सिडकोत नवं घर घेतलं होतं. त्यांनी मला टेम्पोतून आणलं. आले-गेले माझ्यावर हात फिरवून म्हणायचे, "काम एक नंबर झालंय!" व्यंकटरावांचा केशव तेव्हा पाच वर्षांचा होता. तो माझ्यावर पालथा पडून पाढे म्हणायचा. ते माझे सुखाचे दिवस.

केशव बी.एड. झाला आणि फुलंब्रीकडच्या एका विनाअनुदानित शाळेत लागला. सरकार त्या शाळेला पैसे देत नव्हतं आणि संस्था मास्तरांना पगार देत नव्हती. "अनुदान येऊ द्या, मग बघू," असं संस्थाचालक आप्पासाहेब दर जूनमध्ये सांगायचे. असे बारा जून गेले. केशव सकाळच्या एसटीने जायचा, दिवसभर गणित शिकवायचा आणि संध्याकाळी दोन-चार शिकवण्या करून एसटीच्या भाड्यापुरतं मिळवायचा. लग्न झालं, पण वेगळं बिऱ्हाड करणं त्याला जमलं नाही. आतली खोली आईवडिलांची. केशव आणि त्याची बायको प्रमोदिनी यांच्या वाट्याला मी.

तोही फक्त झोपण्यापुरता. दिवसा मी पाहुण्यांचा. प्रमोदिनीच्या साड्या माझ्या पेटीत असायच्या. साडी काढायची तर तिला पाहुण्यांना "जरा उठता का?" म्हणावं लागायचं. व्यंकटराव तेवढ्यात हसून सांगायचे, "आमचे चिरंजीव अजून बापाच्याच ताटात जेवतात." पाहुणेही हसायचे. माझ्यावर बसून हसायचे! एकेकाला खाली पाडावं असं वाटायचं, पण रामकिसनने माझे पाय फार पक्के ठोकले होते.

एका रविवारी व्यंकटरावांच्या कचेरीतले जुने सोबती तात्यासाहेब आले. केशव चहा घेऊन आला, तोच व्यंकटरावांचं ते वाक्य आलं. तात्यासाहेब म्हणाले, "छत्तीस वर्षांचा घोडा झाला की! आमच्या वेळी असं नव्हतं बुवा."

केशवची आई भानुमतीबाई आतून बाहेर आल्या. नवऱ्यापुढं त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता.

"तात्यासाहेब, उठा जरा."

ते उठले. बाईंनी माझी फळी उचलली, तळातून मखमली डबी काढली आणि नवऱ्यासमोर उघडून धरली. डबी रिकामी होती.

"माझ्या पाटल्या कुठं गेल्या, सांगा यांना. आप्पासाहेबांच्या घरी कोण देऊन आलं? नोकरी पक्की झाली म्हणून पेढे कुणी वाटले? केशव नको-नको म्हणत होता. तुम्ही ऐकलं नाही. आता त्यालाच हसता?"

तात्यासाहेब चहा न घेताच गेले. व्यंकटराव जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते केशवबरोबर एसटीत बसले. दुपारी एकटेच परतले आणि खुर्ची सोडून माझ्यावर टेकले.

"मला पायरीवर उभं ठेवलं त्या आप्पासाहेबानं," ते भानुमतीबाईंना म्हणाले. "मी पाटल्यांचं काढलं, तर म्हणतो, कसल्या पाटल्या? पावती दाखवा. पोराला जमत नसेल तर सोडू द्या, दारात दहा जण उभे आहेत."

संध्याकाळी केशव आला. व्यंकटरावांनी विचारलं, "आप्पासाहेब तुला हे रोजच ऐकवत होते?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"नोकरी तुम्ही लावली होती, बाबा. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

व्यंकटराव म्हणाले, "उद्यापासून जाऊ नकोस."

"दहावीची मुलं आहेत. परीक्षेपर्यंत जातो."

तो परीक्षेपर्यंत गेला आणि मग राजीनामा दिला. त्याच्या जागी जूनमध्ये दुसरा मास्तर आला, तोही बिनपगारी. पाटल्या परत आल्या नाहीत. केशव आता घरीच गणिताचे वर्ग घेतो. वेगळं बिऱ्हाड अजूनही झालेलं नाही. पण आतली खोली व्यंकटरावांनी मुलाला आणि सुनेला दिली. ते स्वतः माझ्यावर झोपतात, भानुमतीबाई खाली गादी घालतात. पाहुणा आला की म्हातारबुवांना उठून जागा द्यावी लागते. ते मुकाट्याने उठतात.

मित्रांनो, मला पॉलिश करा, माझी डागडुजी करा, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो. चाळिशीचा माणूस आईवडिलांच्या घरात राहताना दिसला, तर हसून "अजून इथंच का?" म्हणू नका. त्याच्या घामाचं कोण खातंय, ते शोधा. आणि त्या खाणाऱ्याच्या दारात जाऊन विचारा, मोठ्यानं, चार लोकांना ऐकू जाईल असं.