अँटिव्हायरसचं निमित्त

म्हसळ्याचे निवृत्त शिक्षक कृष्णाजी यांच्या कॉम्प्युटरमधल्या अँटिव्हायरसची मुदत दर एप्रिलमध्ये संपायची. नवा बसवून द्यायला पुण्याहून त्यांची लेक प्रज्ञा यायची आणि चार दिवस राहायची. पत्नी गेल्यापासून ते त्या चार दिवसांचीच वाट बघायचे.

यंदा मुदत संपल्याची सूचना दिसताच त्यांनी फोन लावला. "कधी येतेस?"

"बाबा, आता वेगळा अँटिव्हायरस लागत नाही. कॉम्प्युटरमध्येच तो असतो. अपडेट तेवढं वेळेवर करा. आणि अनोळखी लिंक उघडू नका, कुणाला ओटीपी देऊ नका. आपणच फसलो तर अँटिव्हायरस तरी काय करणार?"

कृष्णाजींना ते पटलं, पण फोन ठेववेना. "म्हणजे आता तुला यायला नको," ते कसेबसे म्हणाले.

प्रज्ञाने विचारलं, "कॉम्प्युटरमधले आईचे फोटो दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलेत?"

"नाही गं."

"मग शनिवारी येते. चार दिवस लागतील."

ते काम तासाभराचं आहे, हे कृष्णाजींना ठाऊक होतं. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. आज मंगळवारच होता.