वाटणीतला प्रोसेसर

प्रियदर्शनीला बेंगळूरच्या कंपनीत घरबसल्या नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. अट एकच: कॉम्प्युटर स्वतःचा पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला.

घरात कॉम्प्युटर होता. म्हणजे घराण्यात होता. येळ्ळूरच्या या तिघा भावांची वाटणी झाली तेव्हा जमीन, म्हशी, पितळेची भांडी सुरळीत वाटली गेली, पण कॉम्प्युटर एकजण दुसऱ्याला अख्खा सोडेना. पंच जेवायचे थांबले होते. शेवटी भुकेपोटी त्यांनी न्याय केला. थोरल्या भरमाआप्पाला प्रोसेसर, धाकट्या नागोजीकाकाला रॅम, आणि मधला परशराम, म्हणजे प्रियदर्शनीचा बाप, तोंडानं मवाळ, म्हणून त्याला पत्र्याचा डबा, हार्ड डिस्क आणि स्क्रीन. मदरबोर्ड, म्हणजे हे सगळं ज्यावर बसतं ती पाटी, कुणी मागितला नाही. तो सामाईकात राहिला, आणि सामाईकातल्या वस्तूचं होतं तेच त्याचं झालं. गोठ्यात पडला, म्हशीनं पाय दिला.

आता बोर्ड नवा आणि बाकी माल जुना, एवढंच परवडणारं होतं. पण नवे बोर्ड जुना प्रोसेसर घेत नव्हते. आठवडाभर फोनवर डोळे फोडल्यावर तिला एक स्वस्तातला सापडला. त्याच्या खोक्यावर हेल्मेट घातलेला वाघ होता. खाली एका गिऱ्हाइकानं अभिप्राय लिहिला होता, 'उत्तम आहे, अजून जळला नाही.' तोच बोर्ड शहरातल्या खडेबाजारात चिंतामणीच्या दुकानात होता.

दोन्ही चुलते, आप्पा आणि काका, माल द्यायला तयार झाले, पण हातात द्यायला नाही. स्वतः घेऊन येणार. वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद होतं, त्यामुळं बसमध्ये एक पुढच्या दाराशी बसला, एक मागच्या. प्रियदर्शनी बापाच्या वाटणीचा डबा आणि स्क्रीन सांभाळत मधे उभी राहून निरोप पोचवत होती.

"बोर्ड कसा हाय?" तिनं चिंतामणीला विचारलं.

"स्वस्त आहे."

"ते दिसतंय. टिकंल काय?"

"अजून कुणी परत आणलेला नाही."

"किती विकलासा?"

"हा पहिलाच."

तिनं बोर्ड उजेडात धरला. पातळ होता, पापडासारखा वाकत होता. पण प्रोसेसरची खाच जुळत होती, रॅमच्या दोन पट्ट्यांना दोन जागा होत्या, जुन्या स्क्रीनची वायर बसायला भोक होतं. एका कोपऱ्यात स्क्रू मारायची जागाच कंपनी विसरली होती. तेवढं सोडून द्यायचं तिनं ठरवलं.

नागोजीकाकानं चष्मा चढवून पाहणी केली. "पोरी, इचार तुझ्या आप्पाला. त्येंच्या मालाला मधोमध जागा, वर पंखा. माझी रॅम कडंला उभी. ही कुठली वाटणी?"

"सांग त्याला," आप्पा छताकडं बघत म्हणाला, "थोरल्याला बसायला देत्यात. बारकी उभी राहत्यात."

"चार जागावाला बोर्ड आहे," चिंतामणी मधेच म्हणाला, "पण महाग."

"मग उरलेल्या दोन जागा कुणाच्या?" दोघांनीही प्रियदर्शनीला विचारलं.

"दोन जागावालाच द्या," ती म्हणाली.

मग आप्पानं कनवटीचं लाल फडकं सोडलं. आत प्रोसेसर होता. चिंतामणीनं तो उलटा केला आणि दिव्याखाली धरला. दर खंडेनवमीला नांगर, विळा, खुरपं यांच्या ओळीत आप्पानं प्रोसेसरही मांडला होता, आणि दरवर्षी त्याला मनापासून हळदकुंकू लावलं होतं. सोनेरी ठिपक्यांच्या बाजूनं. ती बाजू त्याला दागिन्यासारखी वाटायची. आता एकही ठिपका दिसत नव्हता.

"हे पुसावं लागेल, ठिपक्यांतूनच वीज जाते," चिंतामणीनं स्पिरिटची बाटली काढली.

आप्पानं प्रोसेसर मुठीत घेतला. "लावलेलं कुंकू पुसत्यात व्हय? घरात सवाष्णी हाईत माझ्या."

"आप्पा, तो प्रोसेसर हाय. त्येला नवरा न्हाय."

"तुला काय म्हाईत?"

प्रियदर्शनीनं आशेनं नागोजीकाकाकडं पाहिलं. आप्पाच्या विरुद्ध बोलायची संधी काकानं आजवर सोडलेली नव्हती. काकानं चष्मा उतरवला.

"दादाचं बरोबर हाय," तो म्हणाला. "कुंकू पुसायचं न्हाय."

भाऊ भावाकडं बघत होता. आप्पा जवळ सरकला. "नाग्या," तो म्हणाला, "तुझ्या गुडघ्याचं काय झालं रं?"

"हाय तसंच हाय, दादा."

प्रियदर्शनीला रडू येत होतं, पण वेगळ्या कारणानं. इतक्या वर्षांनी घराणं एक झालं होतं आणि तिची नोकरी मधे चेंगरत होती. चिंतामणी थंडपणे प्रोसेसरच्या वर लावायच्या पेस्टची नळी उघडत होता. पेस्ट करड्या रंगाची होती.

"आप्पा," ती म्हणाली, "रोज आंघोळीला काकूचं कुंकू जातंय का न्हाय?"

"जातंय."

"मग?"

"मग ती परत लावती."

"ह्येची बी आंघोळच हाय. नंतर वरच्या अंगाला अंगारा लावणार हाईत. तो बघा."

आप्पानं नळीचा वास घेतला. दोघे भाऊ दारापाशी जाऊन कुजबुजले. आल्यावर आप्पानं निर्णय सांगितला: आंघोळ चालेल, पण अंगारा तो स्वतः लावणार.

त्यानं लावला. तीन बोटांनी, आडवा. चिंतामणीनं दुसरीकडं तोंड फिरवलं. रॅमच्या पट्ट्या काकानं स्वतः खाचेत दाबल्या, बटण दोघांनी मिळून दाबलं, आणि वाघाचा बोर्ड सुरू झाला.

सोमवारी नऊला प्रियदर्शनी कामावर हजर झाली. बेंगळूरच्या साहेबानं स्क्रीनवर तिचं स्वागत केलं, मग थोडा पुढं वाकला.

"तुमच्या मागं दोघे बसलेत ते कोण?"

"मालक हाईत, सर. एक प्रोसेसरचे, एक रॅमचे."

"किती वेळ बसणार आहेत?"

तिनं मागं वळून बघितलं. दोघांनी जेवणाचा डबा आणला होता. एकच.

"मी कॅमेरा बंद करू का, सर?" तिनं विचारलं.