जावयाचा वाटा

राउशानने चहाचा वाडगा नवऱ्यापुढे सरकवला आणि हात मागे घेता घेता सामाईक परातीतल्या त्याच्या बाजूचा चरबीचा जाड तुकडा आपल्याकडे ओढला. परातीभोवती दहाबारा माणसे मांडीला मांडी लावून बसली होती, पण कोणाच्या ते ध्यानात आले नाही. मेदेत एकच घास तोंडात धरून सावकाश चावत होता. गिळण्यापूर्वी घासाचे पीठ झाले पाहिजे, असे शस्त्रवैद्याने बजावले होते.

इतक्यात समोर बसलेल्या अमिरबेक काकांनी मूठभर मांस आणि शेपटीकडची चरबी एकत्र कालवून हात पुढे केला. वडीलधाऱ्याने स्वहस्ते भरवलेला घास हा आशीर्वाद; तो नाकारण्याची रीत त्या मुलखात कोणाला ठाऊक नाही.

"मेदेत, ये रे पुढे. उघड तोंड."

"काका, यांच्या आधी मला," असे म्हणून राउशान पुढे झुकली.

एकदम हशा उसळला. काकांनी तो घास तिच्या मुखात कोंबला. तेल तिच्या हनुवटीवरून ओघळले.

"काय रे मेदेत, बायकोला घरी उपाशी ठेवतोस की काय?"

"घरी मीच उपाशी असतो, काका. चूल पेटते ती हिच्यासाठी."

हशा दुप्पट झाला. मेदेतही हसला. राउशानने घास गिळला, हनुवटी पुसली आणि चहाचे रिकामे वाडगे गोळा करू लागली.

मेदेत एके काळी तराज परिसरातला नामांकित पैलवान होता. त्याने कुस्ती जिंकली की लोक त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवीत. पुढे आखाडा सुटला, आहार मात्र आखाड्यातलाच राहिला. शाळेत व्यायामशिक्षकाची नोकरी लागली आणि तो खुर्चीत बसून शिट्टी फुंकू लागला. गुडघे झिजले, रक्तात साखर चढली. शेवटी श्यमकेंत शहरातल्या वैद्यांनी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचा सल्ला दिला. उरेल ते केळ्याएवढे राहील, असे त्यांनी हाताने दाखवले होते; त्याहून जास्त गेले की सगळे उलटून पडेल, हेही बजावले होते.

शस्त्रक्रियेपूर्वी पंधरवडाभर त्याला नुसत्या पातळ आहारावर राहायचे होते. मेदेत चिडे, भांडी आपटी, रात्री स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राही. मग राउशाननेही आपले जेवण बंद केले. समोरासमोर बसून दोघे गाळलेला रस्सा पीत. त्याच दिवसांत एका सायंकाळी त्याने कपाटातून भाकरी काढून तिच्यापुढे ठेवली.

"हात ठेव हिच्यावर. कोणाला सांगणार नाहीस."

"आजार आहे तो. त्यात लपवायचं काय?"

"पैलवानाला तोंड आवरेना म्हणून पोट कापून घेतलं, असं म्हणतील लोक. पोरं शाळेत तोंडावर हसतील. पित्ताचे खडे काढले म्हणून सांगू."

भाकरीवर हात ठेवून घेतलेली शपथ मोडणाऱ्याला अन्न लाभत नाही. राउशानने हात ठेवला.

पित्ताच्या खड्यांची सबब हिवाळाभर पुरली. वसंत आला तेव्हा मेदेतचा चेहरा उतरून त्यातून पंचविशीतला पैलवान डोकावू लागला आणि लोक कारण विचारू लागले. तो पहाटे तलास नदीच्या काठाने धावत असे, हे खरेच होते. त्यामुळे उरलेले असत्य फार भक्कम झाले. "मन घट्ट केलं," तो सांगे. "ताटावरून उठायला शिकलो, बस्स." शाळेने त्याचे व्याख्यान ठेवले. शेजारचा कसाईसुद्धा त्याच्याकडे उपदेश घ्यायला आला.

आता ताट अर्धे ठेवण्याची सोय राहिली नव्हती. निरोगी पाहुण्याने अन्न टाकले तर यजमानाचा अपमान. आणि निमंत्रणे तर एकामागून एक येत: कोणाच्या बाळाचा पाळणा, कोणाचे लग्न, कोणाचे वर्षश्राद्ध. प्रत्येक घरी राउशान त्याच्या डाव्या हाताला बसे आणि त्याचा वाटा खाई. आरंभी तिला त्यात एक सात्त्विक समाधान वाटले. अन्नाचा मान राहतो, यजमानाचा मान राहतो, नवऱ्याचा मान राहतो. एका घासात तिघांचे राखले जाते, असे ती मनाशी म्हणे. घरी तो बशीत मावेल एवढे जेवी आणि ती काही न खाता निजे. पण दोन दिवसांनी पुन्हा कोणाच्या तरी घरी परात समोर येई. शिंपिणीने तिच्या कपड्यांच्या शिवणी एकदा उसवून सैल केल्या, मग पुन्हा केल्या. नंतर शिवणीत कापडच उरले नाही. नात्यातल्या बायकांनी तिचे नावही ठेवले होते: 'दोन तोंडांची सून'. ते त्यांना वाटत होते त्याहून खरे होते.

शरदाच्या अखेरीस एकदा दोघे बाहेर निघाले होते. राउशान दाराशी बसून बूट चढवीत होती आणि वाकताना तिला धाप लागत होती. मेदेत हातात किल्ली घेऊन वाट पाहत उभा होता.

"तूही जरा मन घट्ट कर ना, राउशान," तो प्रेमाने म्हणाला. "परवा बाजारात एकानं विचारलं, ही तुझी थोरली बहीण का म्हणून."

राउशानने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. तो थट्टा करीत असेल तर डोळ्यांच्या कडांना सुरकुती पडते, हे तिला एवढ्या वर्षांच्या संसारातून ठाऊक होते. सुरकुती नव्हती. तिने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि भिंतीला धरून उठली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माहेरचे बोलावणे आले. तिचा भाऊ कायरात याने हिवाळ्याच्या बेगमीचा घोडा कापला होता आणि जावयासाठी म्हणून वेगळी मेंढी. मेंढीच्या छातीचा भाग हा त्या लोकांत जावयाचा मान. तो दुसऱ्या कोणाच्या ताटात जात नाही.

मेदेतला खोलीच्या अगदी आतल्या टोकाला, मानाच्या जागी बसवले. दोन्ही अंगांना गावातले वृद्ध गुडघ्याला गुडघा भिडवून बसले. मेदेतने डाव्या बाजूची गादी थोपटली आणि राउशानकडे पाहिले. ती दाराजवळ, चहाचे पाणी उकळायच्या समोवारापाशी उभी होती. तिथे तिची भावजय आयनाश चहा ओतायला बसली होती.

"आयनाश, ऊठ. आज चहा मी देते."

"अहो वन्सं, माहेरी आलेल्या लेकीनं चहा ओतायचा? लोक काय म्हणतील मला?"

"म्हणू देत. सवय होते."

आयनाश बावरून बाजूला झाली. राउशानने पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल मागे सारला आणि पहिला वाडगा भरला.

थोड्या वेळाने तिची आई नुरिला स्वतः ताट घेऊन आली. म्हातारी कमरेत वाकली होती, तरी जावयाचे ताट तिने कधी सुनेच्या हाती दिले नव्हते. छातीचा तुकडा अखंड होता, आणि वर रश्शात शिजलेल्या कांद्याच्या चकत्या.

"दाजी, आई पहाटेपासून चुलीशी बसलीय," कायरात म्हणाला. "नुसतं हाड परत गेलं पाहिजे. नाहीतर महिनाभर म्हणत बसेल, जावई रुसला."

"जावईबापू मन घट्ट करून खातील," एक म्हातारा पुटपुटला, आणि दाढ्या हलल्या.

मेदेतने ताटाकडे पाहिले, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे.

"राउशानला द्या, आई. हा तुकडा तिला भारी आवडतो. दरवेळी माझ्या पुढ्यातला पळवते."

सगळे हसले. हसली नाही ती एकटी नुरिला. ताट तसेच हातात धरून, जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाला वळसा घालून ती लेकीपाशी आली आणि खाली वाकून हळूच विचारले,

"खरंच हवाय का गं तुला?"

समोवारातले पाणी खदखदत होते. इतक्या घरांत, इतक्या परातींवर, हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. राउशानने तोटी बंद केली.

"नको, आई," ती सर्वांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. "मला कधीच आवडला नाही."

तिने आईच्या हातून ताट घेतले. वृद्धांच्या पाठीमागून, भिंतीच्या कडेने, अंग चोरीत ती मानाच्या जागेपर्यंत गेली आणि जावयापुढे ठेवतात तसे दोन्ही हातांनी ते मेदेतपुढे ठेवले.

"तुमचा मान आहे. घ्या."

मेदेतने वर पाहिले. एका वाक्याचे काम होते. ते न उच्चारण्यासाठी ती भाकरीवरच्या शपथेने बांधलेली होती. तो मोकळा होता. ती क्षणभर तिथेच उभी राहिली. वृद्ध सुऱ्या पुसून थांबले होते.

"वास सुंदर आलाय, आई," मेदेत म्हणाला आणि त्याने सुरी उचलली.

राउशान परत समोवारापाशी येऊन बसली.

पहिला घास त्याने फार वेळ चावला. दुसरा त्याहून कमी, कारण सगळे पाहत होते. नुरिलाचा चेहरा उजळला. कायरातने आणखी रस्सा ओतला. पुढच्या घासाला मेदेतच्या कपाळावर घाम दाटला. त्याचा हात छातीच्या मध्यावर गेला आणि कोणाला दिसण्यापूर्वी खाली आला. कोणीतरी तलासच्या काठच्या धावण्याविषयी विचारले. त्याने नुसती मान हलवली, आणखी एक तुकडा कापला, तोंडात घातला, आणि त्याची दृष्टी वाडग्यांवरून, गुडघ्यांवरून, माणसांच्या दाट रांगेवरून दाराकडे गेली.

राउशानने हातातला वाडगा खाली ठेवला.

"आजोबा, जरा भिंतीकडे सरकता का?" ती जवळच्या म्हाताऱ्याला म्हणाली. "मामी, तुम्हीही. कायरात, तुझे पाय आवर."

माणसे कुरकुरत सरकली. मानाच्या जागेपासून दारापर्यंत एक अरुंद वाट मोकळी झाली.

"का गं?" मामीने विचारले. "अजून कोणी यायचंय का?"

"यायचं कोणी नाही," राउशान म्हणाली, आणि पुढचा वाडगा भरू लागली.