आत्याच्या काढ्याची चाचणी

आत्याचा काढा निव्वळ थोतांड आहे हे सिद्ध करायला मी भर दुपारी त्याची चाचणी लावली. आमच्या औषधांच्या प्रयोगशाळेत उंदरिणीच्या गर्भाशयाची बारीक पट्टी कोमट खारट पाण्याच्या काचनळीत दोऱ्याने टांगतात. दोऱ्याचं दुसरं टोक लेखणीला. स्नायू आवळला की कागदावर रेघ चढते, सैलावला की उतरते. या रेघा वाचायचा मला पगार मिळतो. त्यामुळे मुळ्या उकळणाऱ्या आत्याची टिंगल करणं हा मी माझा हक्कच समजत होते.

काल तिने ताईसाठी बाटली दिली होती. ताईला सातवा महिना. आत्या दारात काहीतरी समजावत होती आणि मी चपला घालत नुसतं "हो, हो" करत होते. चाचणीपुरता काढा काढून घेऊन बाटली ताईला दिली. म्हणाले, "घे कधीही. मुळ्यांचं पाणी ते. गुण नाही आला तरी अपाय नाही."

नळीत चार थेंब सोडले. मिनिटभर काहीच नाही. मी हसलेसुद्धा. मग रेघ चढली. चढली ती चढलीच, उतरायचं नाव घेईना.

तोटी उघडून पाणी सोडलं, नवं भरलं. तीनदा धुतल्यावर पट्टी सैल पडली. ताईच्या पोटाला तोटी नव्हती.

फोन लावला. "काढा घेतलास?"

"सगळा. सकाळीच. कडू जहर होता गं."

"पोटात दुखतंय?"

"कंबर भरून येते नि जाते. दर पाच-सात मिनिटांनी. ओरडतेस कशाला?"

"ऊठ. शेजारच्या काकूंना गाडी काढायला सांग. आत्ता."

दवाखान्यात कळा थांबवायचं औषध सुरू झालं. ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. मी मनातल्या मनात आत्याला शिव्या मोजत होते. ती धापा टाकत आली, तशी मी तुटून पडले. "काय पाजलंस तिला?"

"पाजायला कुठे सांगितलं?" आत्याचा आवाज फाटला. "दिवस भरेपर्यंत झाकण उघडायचं नाही म्हटलं होतं. पुढे कळा मंदावल्या तर चमचाभर, तोही मी समोर असताना. दारात दोनदा सांगितलं तुला!"

मला तिचे हलणारे ओठ आठवले. शब्द एकही आठवेना.

दोन तासांनी डॉक्टरीणबाईंनी ताईच्या पोटावर हात ठेवला. "थांबल्यात कळा. बाळ ठीक आहे. पण चार दिवस इथून हलायचं नाही." मग त्या आत्याकडे वळल्या. "तुमच्यासारख्या अडाणी बायांपायी पोरी जिवाला मुकतात. तुम्हीच सांगितलंत ना प्यायला?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. उशीवरून ताई घाईघाईने म्हणाली, "हो, आत्यानेच."

दोघी मला पाठीशी घालत होत्या. गप्प बसले असते तर निभावलंही असतं. मला स्वतःची किळस आली.

"तिने नाही," मी म्हणाले. "मी सांगितलं."

"आणि तुम्ही कोण?"

"मी यातलंच शिकलेली आहे."