दोघींचं ऐकलं त्यानं

माझी धाकटी बहीण व्हर्डेल आणि मी, आमचं एका गोष्टीवर कधीच पटलं नाही. पोलिसानं गाडी थांबवली तर तिच्या पोरानं, टॅव्हॅरिसनं, काय करायचं?

माझं म्हणणं सरळ. मोबाइल स्टँडवर लावायचा, रेकॉर्डिंग चालू करायचं आणि गप्प बसायचं. अमेरिकेत, आमच्या जॉर्जियात, पोलिसाचं शूटिंग करायला कायद्याची आडकाठी नाही, हे माझ्या सलूनमध्ये वेण्या घालून घ्यायला येणाऱ्या पोरींनाही मी ऐकवते. न विचारता ऐकवते.

व्हर्डेलला हे ऐकलं की धडकीच भरायची. "तुझा कायदा तुझ्या सलूनमध्ये गं, ताई. रस्त्यावर कुठाय?" टॅव्हॅरिस गाडी शिकला तेव्हा तिनं त्याला दारात उभ्या गाडीत बसवलं, स्वतः पोलीस झाली आणि चमच्यानं काच ठोठावली. हात स्टिअरिंगवर, आवाज खाली, आणि साहेब काहीही म्हणोत, उत्तर एकच, हो साहेब. पोरानं एकदा 'पण' म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. आम्हा काळ्यांच्या गल्लीतल्या प्रत्येक आईनं हे केलंय. माझं मात्र डोकं फिरायचं. इतकं गुणी पोर, त्याला मान खाली घालायला काय शिकवता? ती म्हणायची, आधी जिवंत घरी येऊ दे.

पोर गुणीच होतं. यंदा अग्निशमन दलात निवड झाली. व्हर्डेल चर्चच्या दारात माणसं अडवून अडवून सांगायची, हातातला केक तसाच ठेवून. दलाची अट एकच होती, नावावर गुन्हा नको.

रुजू व्हायच्या आदल्याच आठवड्यात त्याला थांबवलं. मागचा दिवा गेला होता म्हणे. मोबाइल स्टँडवर चालू होता. पोलीस म्हणाला, बंद कर. टॅव्हॅरिसनं हात स्टिअरिंगवर ठेवूनच सांगितलं, साहेब, हे कायद्यानं चालतं. झालं. त्याला बाहेर ओढलं, मागे नेऊन डिकीवर दाबलं आणि बेड्या घातल्या. आरोप असा की त्यानं हात झटकला, पोलिसाला ढकललं.

मी तर खूश होते, खरं सांगते. रेकॉर्डिंग होतं ना! कोर्टानं दिलेला वकील घाईतला होता, पण तोही म्हणाला की सुरुवात एवढी स्वच्छ आहे, काळजी सोडा.

कोर्टात त्यानं ती सुरुवात ऐकवली. न्यायाधीश चष्मा काढून म्हणाले, "हे रेकॉर्डिंग पूर्ण कायदेशीर आहे. ते बंद करायला सांगायचा कुणालाच अधिकार नव्हता." मी व्हर्डेलला कोपरानं ढोसलं. बघ, म्हटलं.

मग सरकारी वकील उठला. म्हणाला, कायदेशीर आहे ना, मग पुढचंही ऐकूया.

पडद्यावर नुसती रिकामी सीट दिसत होती. टॅव्हॅरिस मागे, डिकीपाशी. त्याला काय केलं ते दिसतच नव्हतं. आवाज तेवढा येत होता, अगदी स्वच्छ.

"हात झटकलास ना माझा?"

"हो साहेब."

"ढकललंस ना मला?"

"हो साहेब."

एकदा मध्येच तो कळवळला. त्यानंतरही तेच, खालच्या आवाजात, जसं शिकवलं होतं तसं. आमचा वकील उठून म्हणाला की पोरं भीतीनं असं बोलतात, घरी तसंच शिकवतात. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं, पण कबुली ती कबुलीच, म्हणाले.

कुणावर चिडू मी? माझं ऐकलं म्हणून पुरावा झाला, आईचं ऐकलं म्हणून तो त्याच्याच विरुद्ध गेला. एकीचं तरी ऐकलं नसतंस रे! दलातली जागा गेली, आता ती काही परत मिळत नाही.

निकाल वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी टॅव्हॅरिसकडे पाहिलं. आवाज तसा मायेचाच होता त्यांचा. विचारलं, "निकाल समजला ना तुला?"

मी शेजारी पाहिलं. व्हर्डेलचे दोन्ही हात समोरच्या बाकावर, बोटं पसरलेली. पोराच्या तोंडून शब्द निघायच्या आत तिचे ओठ हलले.

"हो साहेब," टॅव्हॅरिस म्हणाला.