कुणीच न ऐकलेली ओहोटी

मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मधे बोलायचं नाही, 'पुढे काय, पुढे काय' करायचं नाही, आणि टाळ्या तर मुळीच वाजवायच्या नाहीत. टाळ्यांनीच माझं वाटोळं केलंय. कसं, तेच सांगते.

मी एक जुनी मेलोडिका आहे. म्हणजे बाजाची पेटी असते ना, तिच्या पट्ट्यांचा एक तुकडा कापून त्याला फुंकायची नळी लावली की झाले मी. भाता नाही. माणसाचा श्वास हाच माझा भाता. बत्तीस पट्ट्या, पोटात पितळी जिभल्या, आणि लांबी कोपरापासून बोटांपर्यंत. जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला, तोही शाळेतल्या पोरांसाठी. माझ्या बहिणी शाळांमध्ये गेल्या. मी मात्र किंग्स्टनच्या एका दुकानाच्या काचेत दीड वर्ष उन्हात पडून राहिले, पार पिवळी पडले, आणि मग एक दिवस इवर्ट आला.

हा इवर्ट टॅमरिंड यार्ड नावाच्या बँडमध्ये ऑर्गन वाजवायचा. सगळे एका चिंचेखाली तालमी करायचे म्हणून ते नाव. बँड माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. आधी ते स्का वाजवायचे, म्हणजे पायाखाली तापलेली वाळू असल्यासारखं नाचायला लावणारं. पुढे गाणी संथ झाली, त्यांचं रेगे झालं, माणसं म्हातारी झाली, ट्रॉम्बोनवाले तीनदा बदलले, पण बँड काही मोडला नाही. पंचेचाळीस वर्षं! त्यातली पस्तीस मी स्वतः पाहिलीत, ऑर्गनच्या डोक्यावर बसून.

पहिल्या दिवशी मला बघून लॅसेल्स इतका हसला, इतका हसला! लॅसेल्स म्हणजे बँडचा गाणारा. चमकणारे बूट, तोंडाचा पट्टा अखंड चालू. म्हणाला, "इवर्ट, भावा, पोरीचं खेळणं का उचलून आणलंस? रडत असेल ना ती घरी!"

इवर्टने मला उचललं. त्याने नळी तोंडात धरली आणि एक तुकडा वाजवला. लॅसेल्सचं हसू तिथेच गोठलं. खरंच सांगते, गोठलं.

त्या तुकड्यावरून त्यांनी एक गाणं बांधलं, 'भरती' नावाचं. आधी लॅसेल्स गाणार, मग पितळी वाद्यं, आणि सगळ्यात शेवटी मी एकटी. माझा तुकडा दोन भागांचा. पहिल्या भागात पाणी चढतं. चढतं, चढतं, अगदी वर जाऊन क्षणभर थांबतं. आणि दुसऱ्या भागात उतरतं. वाळूतून परत जाताना पाणी कसं शिंपले खुळखुळवत जातं, तसं. इवर्टचा बाप बुल बे नावाच्या किनारी गावात मासेमारी करायचा, आणि पोरगं तासन् तास तो आवाज ऐकत बसायचं. त्याने तो जसाच्या तसा माझ्या पोटात आणून ठेवला. चढणं कुणालाही जमतं हो. त्या उतरण्यात सगळी गंमत होती.

गाणं तुफान चाललं. आणि इथेच माझं नशीब फुटलं.

झालं काय, रेकॉर्ड करताना तीन मिनिटांत गाणं बसवायचं होतं. काच लावलेल्या खोलीतला तो बटणवाला, त्याने नेमका माझा तुकडा आला तसा आवाज बारीक बारीक करत नेला आणि संपवून टाकलं! तबकडीवर माझे दोन सूर आहेत. दोन!

ठीक आहे म्हटलं, कार्यक्रमात तरी ऐकतील. पण कार्यक्रमात काय होतं, तर 'फॉरवर्ड'. वन्समोअर तुम्हाला माहीत आहे, पण तो मागतात गाणं संपल्यावर. आमच्याकडची माणसं तेवढं थांबतात होय! गाणं सुरू झालं, आवडलं, की दुसऱ्याच ओळीला आरोळी उठते, "फॉरवर्ड!" भिंती बडवतात, बाकं बडवतात, घरून आणलेली पातेल्याची झाकणं एकमेकांवर आपटतात. मग बँडने काय करायचं? तिथल्या तिथे थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. यापेक्षा मोठा मान नाही. आणि या झाकणवाल्यांची म्होरकी म्हणजे मिस पॅन्सी. बुल बेच्या किनाऱ्यावर मासे तळून विकते. तीस वर्षांत तिने आमचा इथला एक कार्यक्रम चुकवला नाही आणि एकदाही 'भरती' तिसऱ्या ओळीच्या पुढे जाऊ दिलं नाही.

बरं, तीनदा फॉरवर्ड झाला की चौथ्यांदा तरी गाणं पूर्ण करावं ना? तर नाही! लॅसेल्सचा नियम. तिसऱ्या फॉरवर्डनंतर गाणं सोडून द्यायचं आणि थेट दुसऱ्यावर उडी मारायची. "लोकांना भुकेलं ठेवावं," म्हणायचा. "पोट भरलेला माणूस नाचत नाही."

आणि मी? मी ऑर्गनच्या डोक्यावर. इवर्ट प्रत्येक वेळी मला पुसायचा, नळी लावायचा, वाट बघायचा, आणि पुन्हा पुसून पेटीत ठेवायचा. तालमीतसुद्धा पाणी जेमतेम वर पोचलं की लॅसेल्स पुढचं गाणं घ्यायला लावायचा.

एकदा जर्मनीला गेलो. म्हटलं, ही शिस्तीची माणसं, गप्प बसून ऐकतील. कुठलं काय! त्यांनी आमच्या रेकॉर्डांवरून फॉरवर्ड शिकून ठेवला होता, तो आम्हालाच दाखवला. चमचे आणि ताटल्या घेऊन आले होते मेले. एकदा माँटेगो बेच्या हॉटेलात तर गाणं माझ्या तोंडाशी आलं होतं. इवर्टने श्वाससुद्धा भरला होता. आणि वीज गेली! अहो, मला वीज लागतच नाही! मी एकटीच होते त्या मंचावर वीज न लागणारी! पण लॅसेल्स अंधारात ओरडला, "चला, संपलं, जेवण कुठे आहे?"

इवर्ट कधी तक्रार करत नसे. त्याचाच जास्त राग यायचा मला.

मग बँडचा म्हातारा प्रमुख वारला आणि त्याची मुलगी इसिल्डा प्रमुख झाली. ड्रम तीच वाजवते. चिंचेखाली रांगायची तेव्हापासून इवर्टला काका म्हणते. गेल्या जुलैत तालमीला सगळे जमले होते, तेव्हा इवर्ट हळूच म्हणाला, "पोरी, माझे कागद आले. मुलगी टोरांटोला बोलावतेय. ऑगस्टमध्ये बुल बेला आपला कार्यक्रम आहे ना, त्यानंतरच्या बुधवारी विमान."

सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवली. शेवटी लॅसेल्स म्हणाला, "जा जा. बर्फात तुझी ती शिट्टी गोठली की कळेल." आणि उगाच बुटावरची धूळ झटकत बसला.

"एकच मागणं आहे," इवर्ट म्हणाला. "'भरती' एकदा शेवटपर्यंत वाजवू. एकदाच."

मित्रांनो, पस्तीस वर्षांनी! पस्तीस वर्षांनी तोंड उघडलं माणसाने!

"आणि लोकांनी फॉरवर्ड दिला तर?" लॅसेल्स उसळला. "नाही म्हणणार? मिस पॅन्सी झाकण माझ्या डोक्यात घालेल!"

"त्यांना माझा तुकडा ठाऊकच नाही रे, लॅसेल्स."

"अरे, ठाऊक नसताना एवढे खूश आहेत, मग ठाऊक कशाला करून द्यायचा?"

इसिल्डाने काठी ड्रमवर आपटली. "पुरे. या वेळी गाणं उलटं घ्यायचं. आधी काकांचा तुकडा, शेवटपर्यंत, पुढे येऊन. मग लॅसेल्सअंकल, तुम्ही गा आणि घ्या किती फॉरवर्ड घ्यायचेत ते."

मी तर पेटीत नाचायचीच बाकी होते! कित्ती सोपं होतं! हे आधी कुणाला कसं सुचलं नाही?

रविवारची दुपार, बुल बेचा किनारा. समोर चारेकशे माणसं, तळलेल्या माशांचा धूर, पोरं पाण्यात. इवर्ट मला घेऊन पुढे आला. त्याने शर्टाच्या बाहीने माझ्या पट्ट्या एकदा पुसल्या. मागे इसिल्डाने ठेका धरला, अगदी हलका. आणि आम्ही सुरू झालो.

काय वाजवलं त्याने! पाणी चढायला लागलं. लोकांचं बोलणं थांबलं. मिस पॅन्सीच्या कढईतला मासा करपायला लागला तरी तिचं लक्ष नाही. चढलं, चढलं, वर गेलं, आता उतरणार, आता…

"फॉरवर्ड!"

मिस पॅन्सी! झाकणं धडाधडा वाजायला लागली. चारशे माणसं ओरडत होती. आणि मला कळेना, रडू की काय करू, कारण इवर्टचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. पंचेचाळीस वर्षांत त्याच्यासाठी कुणी झाकण वाजवलं नव्हतं. जे वाजायचं ते लॅसेल्ससाठी. हा कायम मागे, ऑर्गनच्या आड. त्याने मला तोंडातून काढलं, एक हात वर केला, आणि पोरासारखा हसला. फॉरवर्ड आला की थांबायचं. थांबला.

मी मनात ओरडत होते, थांबू नकोस रे, अजून आठच ठेके आहेत, वाजव, वाजवून टाक!

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा त्याच जागी झाकणं. पुन्हा पहिल्यापासून. आता इवर्टच्या कपाळावरून घाम गळत होता, माझ्या नळीत त्याचा श्वास तुटक येत होता. सदुसष्ट वर्षांचा माणूस हो! तिसऱ्यांदा त्याच जागी झाकणं.

आणि तेव्हा काय झालं माहितीय? लॅसेल्सने माइक खेचून घेतला. मला वाटलं, झालं, आता हा दुसऱ्या गाण्यावर उडी मारणार. पण तो ओरडला, "गप्प बसा रे सगळे! म्हाताऱ्याला एकदा संपवू द्या! पॅन्सी, ते झाकण खाली ठेव, नाहीतर मी येऊन त्याच्यावर बसेन!"

हशा झाला. आणि मग शांतता. अशी शांतता मी पस्तीस वर्षांत ऐकली नव्हती. मिस पॅन्सीने झाकण छातीशी घट्ट धरलं. सगळे ऐकत होते. मित्रांनो, सगळे आता खरंच ऐकत होते.

इवर्टने श्वास घेतला. पाणी चढलं. वर गेलं. थांबलं. त्याची बोटं उतरायच्या पहिल्या पट्टीवर आली. मी तोंड उघडून तयार होते. त्याने फुंकलं.

आणि नुसती हवा आली. तीसुद्धा एवढीशी. सूर हलेल इतकीही नाही. सगळा दम त्या तीन फॉरवर्डमध्ये संपला होता. त्याने पुन्हा फुंकलं. काही नाही. मग त्याने मला हळूच खाली घेतलं आणि वाकून नमस्कार केला.

लोकांना वाटलं, संपलं! वाटलं, तुकडा असाच आहे, वर जाऊन थांबणारा! मग जो गोंधळ झाला, काय सांगू. झाकणं, बाकं, पोरं पाण्यात उड्या मारतायत, लॅसेल्सने इवर्टला उचलून धरलंय आणि रडतोय, मिस पॅन्सी करपलेला मासा फुकट वाटतेय. सगळे खूश. एकटी मी तेवढी जळत होते.

तरीही म्हटलं, असू दे. विमान बुधवारी, अजून दोन दिवस आहेत.

मंगळवारी सकाळी इवर्ट मला घेऊन इसिल्डाच्या अंगणात गेला. मला तिच्याकडे ठेवून जायचं त्याने ठरवलं होतं. त्याने माझ्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसल्या, नळी धुतली, आणि तिला बजावलं, "वाजवून झालं की थुंकी काढून टाकत जा, नाहीतर जिभल्या काळ्या पडतात." तिने मान डोलावली. मग तिने स्वतः तो तुकडा वाजवून बघितला. चढणारा भाग. हुशार आहे पोरगी, एकदोन जागा सोडल्या तर बरोबर आला. वर जाऊन ती थांबली.

"काका, हे इथेच संपतं ना?" तिने विचारलं. "का पुढे आहे काही? मला तेव्हा वाटलं, तुम्ही अजून काहीतरी फुंकत होता."

अंगणात कुणी नव्हतं. झाकणं नव्हती. त्याचा दम परत आला होता, मी ऐकत होते ना, अगदी संथ चालला होता. दोन श्वासांचं काम!

इवर्टने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "नाही, पोरी. तिथेच संपतं."

"नक्की?"

"लोकांनी जिथे झाकणं वाजवली, तिथेच संपतं."

आणि तिला मिठी मारून गेला. बुधवारी विमान गेलं.

आता प्रत्येक कार्यक्रमात इसिल्डा ड्रमच्या काठ्या बाजूला ठेवून मला फुंकते. गाणं माझ्यापासूनच सुरू होतं, लोक वेडे होतात, फॉरवर्डवर फॉरवर्ड. पाणी चढतं, वर थांबतं, आणि लॅसेल्स गायला लागतो. ते पाणी माझ्या पोटात तसंच तुंबून राहतं. मी कुणाला सांगू? श्वास माझा नाही, बोटं माझी नाहीत.

मित्रांनो, कुणी काही वाजवत असेल, गात असेल, अगदी गोष्ट सांगत असेल, तर तुमचं कौतुक जरा तोंडात धरून ठेवा. एवढंच मागणं आहे माझं. पण त्याच्याआधी मला एक सांगा, खरं सांगा. ती पोरगी समोर उभी होती, विचारत होती, आणि पुढचं फक्त तुम्हाला येत होतं. इवर्टच्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?