खांबाची भूक

"आला! आला! खांबातून अंगारा आला!"

जिन्याखालच्या मोकळ्या जागेत अख्खी इमारत लोटली होती. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क दाढीला अर्धा फेस लावून आले होते, पार्लरवाली कुणाचे तरी केस तसेच ओले टाकून धावली होती. मधोमध भेगा बुजवणारे म्हणून गाजलेले भेगेबाबा, डोळे मिटून, हातात तांब्या. आठवड्यापूर्वी त्यांनी खांबाच्या भेगेवर 'सिद्ध लेप' लावला आणि भेग सगळ्यांदेखत गायब झाली. तेव्हापासून रोज खांबाला पाण्याचा अभिषेक चालला होता. आज लेपाच्या कडेने पांढरीशुभ्र भुकटी फुटली होती.

"वास्तू बोलते, बाळांनो," बाबा म्हणाले. "तिला भूक होती. गेल्या वर्षी तिनं आपला घास घेतला. आता ती तृप्त आहे."

घास म्हणजे टाचणीची आत्या.

टाचणीची आई शिवणकाम करायची, म्हणून लेकीचं नाव टाचणी पडलेलं. आत्या गॅलरीत कपडे वाळत घालत असताना वरचा छज्जा निखळून तिच्यावर कोसळला. तेव्हा सगळे रडले, टाचणी नुसती बघत बसली. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं तिचं आतून झालं होतं. 'घास' ऐकून राग यायला हवा होता. आला नाही.

आईनं मात्र हात जोडले होते.

इमारत तपासायला आलेल्या इंजिनीअर बाई सांगून गेल्या होत्या की खांब आतून खराब झालाय, लोखंडी टेकू लावा, घरं रिकामी करा आणि मग दुरुस्ती करा. भेग वाढतेय का ते कळावं म्हणून त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली होती. भेग हलली की काच तडकते. बाबांनी पहिल्याच दिवशी ती उपटून फेकली. "काच? काचेनं नजर लागते!" लोकांनी माना डोलावल्या. आता दारात येऊन पडलेले टेकू परत पाठवायचे की नाही, ते आज संध्याकाळच्या बैठकीत ठरायचं होतं. टाचणीची खोली नेमकी याच खांबावर उभी होती.

"आई, आपण मामाकडे जाऊ या ना."

"कशाला? भेग बुजली की." आई मशिनवरून मान वर न करता म्हणाली. "आणि वास्तूचं पोट भरलंय. आता आपल्याला काही होत नाही."

आवाज इतका सपाट होता की टाचणी चपापली. आईलाही तीच सुई टोचली होती तर!

बैठक जिन्याखालीच भरली. बाबा सगळ्यांत आधी हजर. हेडक्लार्क ठरावाची वाक्यं जुळवत असतानाच टाचणी आईची मोठी कात्री घेऊन पुढे झाली.

"काका, एक मिनिट. सगळ्यांनी जरा खांबाच्या मागे या. सायकली सरकवा."

लेप मागेही लावलेला होता. त्यावर काचेची एक पट्टी होती, मधोमध तडकलेली.

"ही मी लावली. विज्ञानाच्या बाईंकडून आणली होती. लावली तेव्हा अख्खी होती. खाली भेग हलतेय."

"पोरी, नजर!" बाबा ओरडले.

"बाबा, नजर माझी की काचेची? एक काय ते ठरवा."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि तुमचा अंगारा आमच्या शाळेच्या मोरीतल्या भिंतीलाही येतो. तिथं तर कुणी जप करत नाही! पाणी सिमेंटमधले क्षार विरघळवतं, बाहेर येऊन वाळतं, क्षार मागे उरतात. तुम्ही रोज तांब्या ओतता, अंगारा येणारच."

तिनं कात्रीच्या मुठीनं खांब ठोकला. शेजारी टणटण वाजलं, लेपावर बद्द. आणखी एक ठोका बसला आणि लेपाचा पापुद्रा खाली आला. भिंती सारख्या करायची साधी पुट्टी होती. आतून तांबडं पाणी ओघळलं.

"रक्त!" बाबा म्हणाले. "वास्तूचं रक्त!"

"गंज आहे." टाचणीनं बोट घालून सळईचा फुगलेला पापुद्रा काढला. "पाणी आत गेलं की सळई गंजते. गंजलं की लोखंड फुगतं..."

"मशिनचा स्क्रू," आई अचानक म्हणाली. सगळे वळले. "गंजला की फुगून बसतो. जोर लावला तर शेजारचं फुटतं."

"तसंच, आई. आतून काँक्रीट फुटतं. छज्जाही तसाच फुटला."

आई पुढे आली. तिनं तो तांबडा तुकडा हातात घेतला, कापड पारखावं तसा चोळला.

"म्हणजे भूक वगैरे काही नव्हती?"

"नव्हती. पाणी होतं. आणि कुणी वेळेवर बघितलं नाही."

बाबांनी तांब्या उचलला आणि ते चालू लागले. त्यांना कुणी अडवलं नाही. हेडक्लार्क ठरावाचा कागद दुमडत म्हणाले, "टेकू आत घ्या."

घरी येऊन आईनं मशिनवर कापड टाकलं आणि मामाकडे जायला पिशवी भरायला घेतली. आत्याचा चष्मा हातात आला तसे तिचे हात थांबले. टाचणी शेजारी जाऊन बसली. आईच्या तोंडून मोठा, वेडावाकडा हुंदका फुटला. टाचणीला अजून रडू येत नव्हतं. पण बधिर गालाला मुंग्या याव्यात तसं काहीतरी सुरू झालं होतं, आणि ते दुखत होतं.

भेग सगळ्यांच्याच घरात असते. तिला हात जोडू नका. ठोकून बघा, पाणी कुठून येतंय ते शोधा, जाणकाराला बोलवा. इमारत कुणाला खात नाही. आपण बघायचं सोडलं की ती पडते.